कॉपी-पेस्टचा मेन्यू येत नाही, आला तर चालत नाही: अँड्रॉइड अ‍ॅपमधलं सारखं उलटणारं दुखणं

फोंड्याकडच्या एका भजनी मंडळाचं अ‍ॅप मी सांभाळतो, कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेत आहे, साधंच, अभंग, गवळणी, चवथीला म्हणायच्या घुमट आरत्या आणि शेवटी मंडळातल्या लोकांचे फोन नंबर. दिवसा पणजीत नोकरी, अ‍ॅपचं काम रात्री. लोक हे अ‍ॅप बघून गातात असं मला आधी वाटायचं, पण खरा वापर कॉपीसाठी होतो. चवथ जवळ आली की वाड्यावरच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतो की त्या आरतीचं तिसरं कडवं कोणाकडे आहे, मग दुसरा अ‍ॅप उघडतो, ओळीवर बोट दाबून धरतो, कॉपी करतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. त्यामुळे कॉपी बंद पडली की लोकांच्या दृष्टीने अ‍ॅपच बंद पडलं.

आणि ही कॉपी माझ्याकडे तीनदा बंद पडली, तिन्ही वेळा तक्रार शब्दशः एकच होती, "कॉपी होत नाही", आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. दुसऱ्या वेळी तर मी पहिल्या वेळचाच उपाय परत लावून दोन रात्री घालवल्या. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय, ज्यांच्या अ‍ॅपमध्ये देवनागरी मजकूर आहे त्यांना तर नक्कीच लागेल.

सगळ्यात आधी कोडला हात लावू नका, तक्रार करणाऱ्याला विचारा नेमकं काय होतंय. चार गोष्टी असू शकतात. दाबून धरलं तरी मेन्यूच येत नाही, किंवा मेन्यू येतो पण कॉपी दाबलं की काही घडत नाही, किंवा कॉपी झालं असं दिसतं पण पेस्ट करायला गेलं की रिकामं, नाहीतर पेस्ट होतं पण भलतंच काहीतरी. आमच्या बुवांना मी हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, मेन्यू येतो, मी कॉपी दाबतो, मग तो मेन्यू तसाच उभा राहतो माझ्याकडे बघत." या एका वाक्यात अर्धं काम झालं, कारण पहिल्या प्रकारची सगळी कारणं तिथेच बाद झाली.

आता मेन्यूच येत नाही तेव्हा काय. टेक्स्टव्ह्यूला, म्हणजे स्क्रीनवर मजकूर दाखवणाऱ्या घटकाला, टेक्स्ट-इज-सिलेक्टेबल (मजकूर निवडता येईल ही खूण) ट्रू दिलंय का बघा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी राहून जातं, विशेषतः नवीन लेआउट करताना जुना कॉपी करून त्यातल्या चार ओळी उडवल्या असतील तर. ते दिलंय आणि तरी येत नाही, आणि स्क्रीन म्हणजे रिसायकलरव्ह्यूची, तेच व्ह्यू परत परत वापरणारी, लिस्ट आहे, वरच्या दोन-चार ओळींवर चालतं पण खाली स्क्रोल करून परत वर आलं की चालत नाही, असं असेल तर लॉगकॅट, म्हणजे फोनने लिहून ठेवलेल्या नोंदी, उघडा. तिथे "टेक्स्टव्ह्यू डज नॉट सपोर्ट टेक्स्ट सिलेक्शन, सिलेक्शन कॅन्सल्ड" अशा अर्थाची ओळ दिसेल. ती वाचून माणूस चक्रावतो कारण सपोर्ट तर आपणच चालू केलेला असतो. होतं असं की सिलेक्शनचे ते दोन हँडल दाखवायचे की नाही हे टेक्स्टव्ह्यू ठरवतो तेव्हा तो आपण कुठल्या विंडोत बसलोय ते बघतो, आणि लिस्टमधला व्ह्यू परत वापरताना त्यात मजकूर भरला जातो तेव्हा तो अजून विंडोला जोडलेला नसतो, मग तो ठरवतो की हँडल नकोत, आणि नंतर जोडला गेला तरी त्याचं मत बदलत नाही. उपाय असा की अ‍ॅडाप्टरमध्ये ऑन-व्ह्यू-अटॅच्ड-टू-विंडो हे फंक्शन ओव्हरराइड करायचं, म्हणजे त्याच्या जागी आपलं लिहायचं, आणि त्या टेक्स्टव्ह्यूला सेट-एनेबल्ड आधी फॉल्स, लगेच ट्रू करायचं. एनेबल्ड बदललं की ती हँडलची तयारी परत एकदा होते, यावेळी विंडो असते, म्हणून चालतं. कोड रिव्ह्यूत कोणीतरी या दोन ओळी निरर्थक समजून काढून टाकतंच, माझ्याकडे मीच काढल्या होत्या सहा महिन्यांनी, म्हणून वर कॉमेंट लिहा, मराठीत लिहिली तरी चालेल.

मेन्यू न येण्याचं दुसरं कारण म्हणजे दाबून धरणं दुसऱ्याच कोणीतरी गिळलेलं असतं. आम्ही मध्ये एक सोय दिली, अभंगावर दाबून धरलं की तो आवडीच्या यादीत जातो. लाँगक्लिक लिसनर त्याच टेक्स्टव्ह्यूवर लावला आणि शेवटी ट्रू रिटर्न केलं, ट्रू म्हणजे माझं काम झालं पुढे कोणी बघू नका, मग सिलेक्शन सुरूच होत नाही. इथे फॉल्स देऊन दोन्ही चालवायचा प्रयत्न करू नका, आवडीत पण जातं आणि सिलेक्ट पण होतं, लोकांच्या याद्या नको त्या गोष्टींनी भरतात. आवडीसाठी वेगळं बटण द्या. आणि उलटा त्रासही आहे, लिस्टमधला टेक्स्टव्ह्यू सिलेक्टेबल केला की साधा टॅप तोच खातो आणि ओळ दाबली तरी अभंग उघडत नाही. मी शेवटी असं ठरवलं की लिस्टमध्ये सिलेक्शन अजिबात नको, तिथे तीन टिंबांच्या मेन्यूत "कॉपी करा" एवढंच, आणि अक्षर-अक्षर निवडायचं ते आतल्या पानावर. तेव्हापासून या बाजूने एकही तक्रार नाही, लिस्टमध्ये सिलेक्शन देण्याचा मोह सोडाच असं मी कोणालाही सांगेन.

आता बुवांची तक्रार, मेन्यू येतो पण कॉपी चालत नाही. ही मी स्वतः ओढवून घेतलेली होती. लोकांना निवडलेल्या ओळीऐवजी पूर्ण अभंग एका दाबात कॉपी करायला हवा होता, म्हणून मी सिस्टमच्या त्या तरंगत्या मेन्यूत, जो अँड्रॉइड ६ पासून म्हणजे २०१५ पासून निवडलेल्या मजकुराच्या वर दिसतो, त्यात "पूर्ण कॉपी" असं एक कलम वाढवलं. त्यासाठी टेक्स्टव्ह्यूला कस्टम-सिलेक्शन-अ‍ॅक्शन-मोड-कॉलबॅक, म्हणजे वेळ आली की सिस्टम बोलावते तो आपला कोड, द्यायचा असतो, त्यात चार फंक्शन, ऑन-क्रिएट, ऑन-प्रिपेअर, ऑन-अ‍ॅक्शन-आयटम-क्लिक्ड आणि ऑन-डिस्ट्रॉय. काम दहा मिनिटांचं, पण या चारमध्ये खड्डे आहेत आणि मी बहुतेक सगळ्यांत पडलोय.

ऑन-क्रिएटने ट्रू द्यायचं. फॉल्स दिलं तर सिस्टम समजते की मेन्यू नकोय आणि सिलेक्शनच रद्द करते. अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, कॉलबॅक तयार करून देतो तेव्हा आत टू-डू असतं, आपण घाईत तिथे फॉल्स लिहितो आणि मग मेन्यू का येत नाही म्हणून लेआउट तपासत बसतो.

ऑन-अ‍ॅक्शन-आयटम-क्लिक्डमध्ये बरोबर उलटं. तिथे आपल्या कलमासाठी ट्रू, बाकी सगळ्यांसाठी फॉल्स. माझ्या व्हेनच्या, म्हणजे कुठलं कलम दाबलं ते बघणाऱ्या, ब्लॉकमध्ये माझी आयडी आली तर पूर्ण अभंग कॉपी, आणि बाकी सगळ्यांसाठीच्या एल्समध्ये मी ट्रू लिहून ठेवलं होतं. कॉपीचं बटण दाबलं की सिस्टम आधी आपल्या कॉलबॅकला विचारते, हे तू घेतोस का, आणि मी प्रत्येक वेळी हो म्हणत होतो आणि करत काहीच नव्हतो. मग सिस्टमने तरी कशाला कॉपी करावं. मेन्यू उभाच, बुवा बघतायत, मेन्यू बघतोय. एका शब्दाची चूक, ट्रूच्या जागी फॉल्स केलं आणि कॉपी, सिलेक्ट ऑल, शेअर सगळं जिवंत झालं. कोणी म्हणालं की "मी स्वतःचं कलम वाढवल्यापासून मूळचं कॉपी चालत नाही" तर दुसरं काही बघू नका, ही एल्सची ओळ बघा.

तिसरा खड्डा, कलम कुठे वाढवायचं. ऑन-प्रिपेअरमध्ये वाढवलं तर हँडल ओढताना ते फंक्शन परत परत बोलावलं जाऊ शकतं, आणि मेन्यूत "पूर्ण कॉपी" दोनदा, तीनदा, चारदा दिसायला लागतं. ऑन-क्रिएटमध्ये एकदाच वाढवा. प्रिपेअरमध्येच करायचं असेल तर त्या आयडीचं कलम आधीच आहे का ते फाइंड-आयटमने बघून मगच. आणि मेन्यू क्लिअर करून स्वतःचाच कॉपी, स्वतःचाच पेस्ट असं सगळं नव्याने बांधायला जाऊ नका हे मी कळकळीने सांगतो. दुसऱ्या अ‍ॅपची कलमं, म्हणजे भाषांतर वगैरे, जी त्या फोनवर प्रोसेस-टेक्स्ट या सोयीतून आपोआप येतात, ती पण त्या मेन्यूतच असतात, ज्याला कमी दिसतं तो माणूस मजकूर वाचून दाखवणारं कलम तिथूनच दाबत असेल. आपण वाढवायचं, काढायचं नाही.

अजून एक बारीक गोष्ट, निवडलेला भाग आपण स्वतः घेतो तेव्हा सिलेक्शन-स्टार्ट हा नेहमी सिलेक्शन-एंडपेक्षा लहान असेल असं धरू नका. हँडल उलटं ओढलं की आकडे उलटे येऊ शकतात, सबस्ट्रिंग क्रॅश होते. मिन आणि मॅक्स लावा. आणि काम झालं की मोड-फिनिश, नाहीतर मेन्यू जात नाही.

उत्साहाच्या भरात मी एकदा "पूर्ण संग्रह कॉपी" पण दिलं होतं, सगळे अभंग एकदम क्लिपबोर्डवर. काही फोनवर सरळ क्रॅश. क्लिपबोर्डला मजकूर जातो तो बाइंडरमधून, म्हणजे प्रोसेस एकमेकांशी बोलतात त्या वाटेने, आणि त्या बाइंडरची एका प्रोसेसची एकूण जागा सुमारे १ एमबी, ती पण त्यावेळी चाललेल्या बाकी सगळ्या देवाणघेवाणीत वाटलेली. मजकुरातलं एक एक अक्षरचिन्ह तिथे दोन-तीन बाइट घेतं, आणि "क्ष" सारख्या एका जोडाक्षराची आत तीन चिन्हं असतात, मग संग्रह तिथे मावणार कसा. एवढा मजकूर द्यायचा तर फाइल करून शेअर करा.

तिसरा प्रकार, पेस्ट केलं तर रिकामं. इथे नवीन अँड्रॉइडचे नियम नडतात आणि जुन्या फोनवर टेस्ट करणाऱ्याला ते दिसतच नाहीत. आमच्या अ‍ॅपमध्ये अशी सोय होती की ग्रुपवरून एखादी ओळ कॉपी करून अ‍ॅप उघडलं की अ‍ॅप स्वतःच विचारायचं, ही ओळ शोधू का. क्लिपबोर्ड मी ऑन-रिझ्यूममध्ये, म्हणजे स्क्रीन समोर येताच, वाचत होतो. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आलं तेव्हापासून क्लिपबोर्ड वाचायचा हक्क फक्त दोघांना, फोनच्या मुख्य कीबोर्डला आणि ज्या अ‍ॅपवर त्या क्षणी फोकस आहे त्याला. ऑन-रिझ्यूमच्या वेळी विंडोला फोकस अजून मिळालेला नसतो. त्यामुळे नल, म्हणजे काहीच नाही, असं येतं, कधी एरर नाही, कधी क्रॅश नाही, नुसतं नल, आणि आपल्याला वाटतं की कॉपीच झालं नव्हतं. ते वाचन ऑन-विंडो-फोकस-चेंज्डमध्ये न्या, हॅज-फोकस ट्रू असेल तेव्हाच.

मी ते तिथे नेलं आणि चाललं, पण मग अँड्रॉइड १२ वाल्यांचे फोन यायला लागले. त्या आवृत्तीपासून, २०२१ पासून, एखादं अ‍ॅप दुसऱ्या अ‍ॅपमधून कॉपी केलेलं वाचतं तेव्हा फोन खाली पट्टी दाखवतो की या अ‍ॅपने तुमच्या क्लिपबोर्डवरून घेतलं. एका काकांनी मला देवळात गाठून विचारलं, "तुझं अ‍ॅप माझं काय वाचतं रे? मी तर बँकेचं काहीतरी कॉपी केलं होतं." मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं, कारण ते बरोबर होते. मी ओळ शोधण्यासाठी वाचत होतो हे खरं, पण त्यांनी मला वाचायला सांगितलं नव्हतं. आता अ‍ॅप उघडल्यावर फक्त प्रायमरी-क्लिप-डिस्क्रिप्शन बघतो, त्यात क्लिपबोर्डवर साधा मजकूर आहे की नाही एवढं कळतं, आतलं काय ते कळत नाही, आणि ती पट्टी येत नाही. मजकूर असेल तर शोधाच्या खिडकीजवळ "पेस्ट करून शोधा" बटण दिसतं, आणि ते दाबलं तरच आतलं वाचतो. सोय तीच राहिली आणि काकांच्या मनातली शंका गेली.

२०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून आणखी दोन-तीन गोष्टी. एक, कॉपी केलं की फोन स्वतःच खाली कोपऱ्यात काय कॉपी झालं ते दाखवतो, त्यामुळे आपला "कॉपी झालं" टोस्ट, म्हणजे क्षणभर दिसणारा निरोप, तिथे दाखवू नका, दोन-दोन निरोप येतात. व्हर्जन तपासून १२ पर्यंतच टोस्ट. दोन, काही वेळाने क्लिपबोर्ड आपोआप पुसला जातो, तेव्हा सकाळी कॉपी करून संध्याकाळी आरतीच्या वेळी पेस्ट करणाऱ्याला रिकामं मिळणार, तो बग नाही, त्यावर तुमच्याकडे इलाज नाही, समजावून सांगा. तीन, पासवर्ड किंवा ओटीपीसारखं काही कॉपी करू देत असाल तर क्लिपच्या डिस्क्रिप्शनमध्ये इज-सेन्सिटिव्ह टाका, म्हणजे तो कोपऱ्यातला देखावा ते झाकून दाखवतो.

आता चौथा प्रकार, पेस्ट होतं पण चुकीचं. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण यातच आमचं खरं नुकसान झालं.

आधी सोपं, फोन नंबर. सभासदाचा नंबर भरायच्या खिडकीत एक्सएमएलमध्ये, म्हणजे लेआउटच्या फाइलमध्ये, मॅक्सलेंथ १० आणि डिजिट्समध्ये शून्य ते नऊ इंग्रजी आकडे. टाइप करताना सगळं ठीक. पण लोक नंबर टाइप करतच नाहीत, कॉन्टॅक्टमधून पेस्ट करतात, आणि तो येतो अधिक चिन्ह, ९१, मग स्पेस, मग दहा आकडे असा. टेक्स्टव्ह्यूमध्ये मॅक्सलेंथचा फिल्टर आधी चालतो आणि आकड्यांचा नंतर. म्हणजे आधी पहिली दहा चिन्हं कापली जातात, त्यात अधिक, नऊ, एक आणि स्पेस धरून चार गेली, नंबराचे सहाच आकडे उरले, मग अधिक आणि स्पेस उडतात, आणि खिडकीत उरतात आठ आकडे, ९१ ने सुरू होणारे. बघणाऱ्याला नंबर भरल्यासारखा दिसतो. आणि मंडळाच्या छापील यादीवरून, जी मराठीत आहे, देवनागरी आकड्यांचा नंबर पेस्ट केला तर डिजिट्सचा फिल्टर सगळेच्या सगळे आकडे टाकून देतो, खिडकी रिकामी. तक्रार काय येते, "पेस्ट होत नाही".

याला मी आधी ऑन-टेक्स्ट-कॉन्टेक्स्ट-मेन्यू-आयटम ओव्हरराइड करून पेस्टची आयडी पकडत होतो आणि तिथे साफसफाई करत होतो. अर्धवट उपाय. कारण आजकाल बरेच लोक मेन्यूतून पेस्ट करतच नाहीत, कीबोर्डच्या वरच्या पट्टीत कॉपी केलेलं दिसतं ते दाबतात, आणि ते कीबोर्डने टाइप केल्यासारखं आत येतं, तुमच्या त्या फंक्शनला पत्ताच लागत नाही. म्हणून स्वतःचा इनपुटफिल्टर, म्हणजे आत येणारा मजकूर गाळणारी चाळणी, लिहा. प्रत्येक चिन्ह कॅरेक्टर-डिजिटमधून काढा, देवनागरी नऊला पण तो नऊच म्हणतो, आकडा नसेल ते सोडा, एकदम आलेल्या तुकड्यात बारा आकडे असून सुरुवात ९१ ने असेल किंवा अकरा असून शून्याने असेल तर शेवटचे दहा ठेवा. मग कोडमध्ये फिल्टर्सचा क्रम द्या, आधी आपला, मग लेंथफिल्टर. लक्षात असू द्या, कोडमधून फिल्टर्स दिले की एक्सएमएलमधला मॅक्सलेंथ पुसला जातो, म्हणून तो लेंथफिल्टर हाताने परत द्यावाच लागतो.

ओव्हरराइडचा एक चांगला उपयोग मात्र राहतो. वेबवरून कॉपी केलेली ओळ शोधाच्या खिडकीत ठळक नाहीतर रंगीत अक्षरात उतरते, तिथे पेस्टची आयडी आली की सुपरला, म्हणजे मूळच्या फंक्शनला, पेस्ट-अ‍ॅज-प्लेन-टेक्स्टची आयडी द्यायची, एका ओळीत काम होतं.

आता ते नुकसान. शोधात कधी कधी ओळ दिसत असूनही सापडायची नाही. कारण पेस्ट केलेल्या मजकुरात न दिसणारी चिन्हं असायची, शून्य रुंदीची. मी एक साफ करायचं फंक्शन लिहिलं, झिरो-विड्थ-स्पेस, झिरो-विड्थ-नॉन-जॉइनर, झिरो-विड्थ-जॉइनर, सगळी एका फटक्यात उडवायची. इंग्रजी अ‍ॅपसाठी लोक असंच करतात, मी बघून केलं. आणि तेच फंक्शन मजकूर साठवताना पण लावलं.

आमच्या मंडळात मजकूर तपासायला एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाई म्हणतात. काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. "अरे, दऱ्याखोऱ्यांचा दर्या कसा केलास तू?"

मी स्क्रीन बघितली तर "दर्याखोर्यांत" लिहिलेलं. झालं होतं असं की "दऱ्या" मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, त्याला हलन्त, मग य. दुसरा, साधा र, हलन्त, मग झिरो-विड्थ-जॉइनर, मग य. दोन्ही दिसायला एकच. कोण कुठला कीबोर्ड वापरतो त्यावर आत काय साठतं ते ठरतं. दुसऱ्या प्रकारातून जॉइनर काढला की उरतं र, हलन्त, य, आणि त्याचा होतो "र्य", वर रफार. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. किनाऱ्यावरचं किनार्यावर झालं, दुसऱ्याचं दुसर्या झालं, वाऱ्याचं वार्या झालं. किनार्यावर बघून निदान खटकतं तरी, पण दर्या हा इथे रोजच्या तोंडातला शब्द, त्यामुळे माझी नजर तिथून कितीदा सरकून गेली असेल आणि मला काही वाटलं नाही. बाईंना वाटलं.

आणि हे मशीनने परत सुधारता येत नाही. कुठला दर्या खरंच समुद्र आहे आणि कुठला मुळात दऱ्या होता हे कोडला कसं कळणार, आचार्य हा गुरू की आचाऱ्याचा बिघडलेला आचारी. मी आणि बाई देवळाच्या सभामंडपात तीन संध्याकाळी बसलो, त्या छापील वहीतून मोठ्याने वाचायच्या, मी लॅपटॉपवर एक एक ओळ बघत जायचो. बाहेर पाऊस, दोनदा लाइट गेली, त्या वाचायच्या थांबल्या नाहीत, अर्धं त्यांना पाठच होतं.

तेव्हा देवनागरीसाठी हे एवढं नक्की करा. झिरो-विड्थ-जॉइनर मजकुरातून कधीही काढू नका, नॉन-जॉइनर पण नको, तो जोडाक्षर फोडून हलन्त दाखवायला लागतो. काढायचीच असेल तर झिरो-विड्थ-स्पेस आणि सुरुवातीला येणारं बीओएम हे न दिसणारं चिन्ह, बस. साठवलेला मजकूर जसा आला तसाच ठेवा. शोधासाठी मात्र वेगळी प्रत करा, त्यात आधी एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे र आणि नुक्ता असा सुटा आलेला असेल तर तो एक ऱ होतो, मग र-हलन्त-जॉइनर जिथे असेल तिथे ऱ-हलन्त. शोधायची ओळ पण त्याच चाळणीतून काढा. ग्रुपवरून पेस्ट केलेली ओळ तेव्हापासून सापडते.

याच्याच जवळचा आणखी एक प्रकार. कॉपी करताना "पहिल्या शंभर अक्षरांचा नमुना" असं काही करत असाल आणि सबस्ट्रिंग वापरत असाल तर ती जोडाक्षराच्या मधोमध कापते, शेवटी लोंबता हलन्त राहतो, नाहीतर "कि" ची वेलांटी मागे राहून नुसता "क" पुढे जातो. आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीचा ब्रेकइटरेटर कॅरेक्टर इन्स्टन्सने वापरा आणि तो सांगेल तिथेच कापा, अँड्रॉइड ७ पासून तो फोनमध्येच आहे. त्याने वेलांटी सुटत नाही, पण जुन्या फोनवर तो हलन्तानंतरही कापू देतो, म्हणून शेवटी हलन्त उरला तर आणखी मागे जाऊन कापा. आणि जुन्या डीटीपीच्या फाँटमधल्या पीडीएफवरून कोणी पेस्ट केलं तर इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो, त्यात तुमच्या मेन्यूचा काही दोष नाही, तो मजकूर मुळात युनिकोडच नाही, आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागतो.

आयफोनचं थोडक्यात, आमची ती आवृत्ती दुसरा मित्र बघतो. तिथे स्वतःचं कलम दाखवायला पूर्वी यूआय-मेन्यू-कंट्रोलर वापरायचे, आयओएस १६ पासून तो जुना ठरवला, आता यूआय-एडिट-मेन्यू-इंटरॅक्शन. मेन्यू येत नसेल तर त्या व्ह्यूचं कॅन-बिकम-फर्स्ट-रिस्पॉन्डर ट्रू आहे का ते आधी बघा. कॅन-परफॉर्म-अ‍ॅक्शनमध्ये आपलं सोडून बाकीचं सुपरला विचारा, सरसकट फॉल्स दिलं की मूळचं कॉपी गायब, म्हणजे माझ्या एल्सचाच भाऊ. आणि आयओएस १६ वर अ‍ॅपने आपणहून पेस्टबोर्ड वाचला की फोन परवानगी विचारतो. सिस्टमच्या मेन्यूतून माणसाने स्वतः पेस्ट केलं तर विचारत नाही, किंवा तयार यूआय-पेस्ट-कंट्रोलचं बटण ठेवा, त्यालाही विचारत नाही.

प्रत्येक नवीन आवृत्ती द्यायच्या आधी मी आता फोनमधली एक नोट उघडतो. त्यात पाच ओळी आहेत, दर्या आणि दऱ्या दोन्ही असलेलं एक वाक्य, ऱ्य दोन्ही प्रकारे लिहिलेला "किनाऱ्यावर", देवनागरी आकड्यांचा एक खोटा नंबर, अधिक ९१ वाला तोच नंबर, आणि वेबवरून आणलेली एक रंगीत ओळ. प्रत्येक ओळ एकदा मेन्यूतून आणि एकदा कीबोर्डच्या पट्टीतून पेस्ट करतो, मग अ‍ॅपमधून कॉपी करून परत त्याच नोटमध्ये आणतो आणि दोन्हींची लांबी चिन्हं मोजून बघतो, कारण ऱ्य दोन प्रकारचे असले तर डोळ्यांना फरक कळत नाही. एक जुना अँड्रॉइड ९ चा फोन आणि एक १३ च्या पुढचा, दोन्हींवर. पंधरा मिनिटं लागतात. त्यानंतरच फाइल बाईंना पाठवतो, त्या उघडून पहिल्यांदा दऱ्याखोऱ्या शोधतात.